निवृत्तीची तालीम

दिल्लीतलं जानेवारीचं ऊन डोळ्यांनी बघण्यापेक्षा पाठीवर घेण्यात खरी गोडी आहे. सकाळभर धुक्यानं गिळून टाकलेलं जग अकराच्या सुमाराला हळूहळू परत मिळू लागतं. आधी कडुनिंबाचा शेंडा दिसतो, मग समोरच्या क्वार्टरची गच्ची, मग दोरीवरचे कपडे, आणि मग एकाएकी पाठीवर कुणी मायेनं तळहात ठेवावा तशी ती ऊब येते. लक्ष्मीबाई नगरच्या हिरवळीवर त्या वेळी खुर्च्या, सतरंज्या, लोकरीचे गुंडे आणि मटारच्या शेंगांनी भरलेली सुपं अवतरत. तमिळ, बंगाली, पंजाबी, मराठी अशा साऱ्या भाषा एकाच उन्हात शेकत बसत, आणि संत्र्यासारखा किन्नू सोलल्याचा आंबटगोड वास त्या सगळ्यांवर समान हक्कानं पसरे.

या वर्षी ते ऊन मला जरा अधिकच आठवतं आहे. मी आता शाळेतून निवृत्त होणार. गेली तेहतीस वर्षं मुलांना गणित शिकवलं. जो भेटतो तो निवृत्तिवेतनाविषयी विचारतो, कुठं काय गुंतवावं ते सांगतो. त्यांचा सद्भाव मला कळतो. पण सोमवारी सकाळी शाळेची घंटा माझ्यावाचून वाजेल तेव्हा मी कुठं उभी असेन, हे एकानंही विचारलेलं नाही. माणूस आयुष्यभर कामाला कंटाळतो आणि काम सुटल्यावर मात्र स्वतःलाच पारखा होतो, हे कोडं किती जुनं, आणि तरी प्रत्येकाला किती नवं! ते सोडवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करताना मी एकाच माणसाला पाहिलं आहे. ते म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे मेश्रामसाहेब.

भास्कर मेश्राम मूळचे भंडाऱ्याकडचे. तरुणपणी परीक्षा देऊन दिल्लीला आले आणि एका मंत्रालयात पायरी पायरीनं चढत अवर सचिव झाले. उंच, सडसडीत बांधा, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि फायलीवरच्या टिपणासारखं मोजकं, नेमकं बोलणं. सगळा मोहल्ला त्यांना साहेब म्हणे. इतकंच काय, त्यांच्या पत्नी सुशीलाताईसुद्धा दारात आलेल्याला सांगत, “साहेब आंघोळीला गेलेत, बसा.” दोन्ही मुलं शिकून मार्गाला लागली होती. मुलगा बंगलोरला, मुलगी पुण्याला. घरात बुद्धाची एक शांत पितळी मूर्ती, पुस्तकांची दोन कपाटं आणि ही दोघं. देशात तेव्हा नवं वारं शिरलं होतं. टीव्हीवर परदेशी वाहिन्या आल्या होत्या, रस्त्यावर नव्या गाड्या दिसत होत्या, आणि यमुनेपलीकडच्या नोएडात शेतं बुजवून वसाहती उठत होत्या. तिथल्याच एका सहकारी संस्थेत मेश्रामांचाही फ्लॅट बांधून होत होता.

त्यांच्या निवृत्तीला वर्षभराहून थोडा अधिक अवकाश असताना एक साधीशी घटना घडली. त्यांचे एक वरिष्ठ, खन्नासाहेब, आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. एके दुपारी मेश्राम जेवून कार्यालयात परतत होते. तर हेच खन्नासाहेब फाटकावरच्या खोलीत आत जाण्याच्या पासासाठी रांगेत बसलेले. काम काही नव्हतं. ते रोज यायचे, जुन्या विभागात कुणाच्या तरी समोरच्या खुर्चीवर बसायचे, चहा प्यायचे. सुरुवातीला लोक उठून उभे राहत, मग नुसते हसत, आणि आताशा त्यांची चाहूल लागली की फायलीत डोकं खुपसत. ज्या इमारतीत त्यांची उभी हयात गेली तिचाच दरवाजा त्यांना नाव आणि कारण विचारत होता.

त्या संध्याकाळी मेश्राम आमच्याकडे आले आणि चहा न घेताच म्हणाले, “कारणाच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं असेल हो, बाई?” काय लिहिणार माणूस? एकटेपण?

नंतर त्यांनी जे केलं त्याला सगळा मोहल्ला हसला. त्यांनी भर जानेवारीत महिनाभराची रजा टाकली. कुठं जायचं नव्हतं, कुणी आजारी नव्हतं, घरात लग्न नव्हतं. “निवृत्तीची तालीम करतोय,” ते गंभीरपणे सांगत. “नाटकाची तालीम करतात, संचलनाची करतात, आणि एवढ्या मोठ्या प्रवेशाला माणसानं तालमीवाचून उभं राहायचं?” लोक म्हणत, बिल्कुल, बिल्कुल, आणि पाठ वळली की हसत. आज मला वाटतं, त्या हसण्यात थोडी भीतीही असावी.

तालीम पहिल्याच दिवशी कोसळली. सकाळी नेहमीच्या वेळी साहेब दाढी, आंघोळ, इस्त्रीचे कपडे असे सज्ज. कोपऱ्यावर कार्यालयाची चार्टर्ड बस आली, तिनं नेहमीसारखा भोंगा वाजवला, ओळखीचे चेहरे चढले, आणि हे फाटकाशी उभे. बस धुक्यात दिसेनाशी झाली तरी बराच वेळ तिथंच उभे होते. वरच्या बाल्कनीतून मी पाहत होते. एवढा ताठ माणूस, पण त्याचे हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

मग सुशीलाताईंच्या संसारावर संक्रांत आली. साहेबांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे हळद सापडेना. भाजीवाल्याशी त्यांनी नियमांच्या भाषेत वाद घातला. ताई बाजाराला निघाल्या की “कुठं? किती वेळ?” परतल्या की “इतका उशीर?” दुपारी हिरवळीवर बायका विणकाम घेऊन बसल्या की हेही आपली खुर्ची घेऊन मधोमध. किन्नूची एक फोड चाखून म्हणायचे, “हे म्हणजे संत्र्याच्या जागी प्रतिनियुक्तीवर आलेलं फळ. काम भागवतं, पण नागपूरची सर नाही.” बायका सभ्यपणे हसत. ज्या गप्पांत सुनांपासून स्वेटरच्या गळ्यापर्यंत सगळं असे त्या गप्पा साहेबांच्या उपस्थितीत हवामानावर येऊन थांबत.

रजेचा साधारण मध्य असेल. मी रविवारी त्यांच्याकडे वाटी परत द्यायला गेले होते. साहेब ताईंना कणीक कशी मळावी ते सांगत होते. सुशीलाताईंनी परात बाजूला सारली, हात पुसले आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “अहो, तुम्ही रिटायर होणार. मी कधी होणार?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमचं ऑफिस सुटणार. माझं तर दुप्पट होणार. आतापर्यंत सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हे घर माझं होतं. आता त्यावरही साहेब बसणार.”

मी निघू लागले तर त्यांनी माझा हात धरला. “थांब गं. साक्षीदार हवी मला.”

साहेब खुर्चीत बसले. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, जो त्यांच्या एवढ्या वर्षांच्या संसारात बहुधा विचारला गेला नव्हता. “सुशीला, तुला काय करायचंय?”

उत्तर जणू ओठांवर तयारच होतं. “मला मॅट्रिक व्हायचंय.”

त्या एका वाक्यामागे केवढं मौन साठलेलं होतं! नववीत असताना त्यांचं लग्न झालं. वर्गात पहिल्या तिघींत असत. शाळेतल्या बाईंनी घरी येऊन वडिलांना विनवलंही होतं. पण स्थळ दिल्लीचं, सरकारी नोकरीचं. मग संसार, मुलं, मुलांचे अभ्यास. दोन्ही मुलं इंजिनियर झाली तेव्हा पेढे ताईंनीच वाटले. शिक्षणानंच आपल्याला माणसात आणलं हे ज्या घरात लहानपणापासून ऐकलं त्या घरात आपण मात्र नववी नापासही नाही, नुसती नववी, हा सल त्यांनी कुणाला दाखवला नव्हता. “मुलं मोठी झाल्यावर बघू म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या, “मग तुमची बढती झाल्यावर, मग मुलीचं लग्न झाल्यावर. आता तुम्ही रिटायर होताय. आता तरी माझा नंबर येऊ द्या.”

मेश्रामसाहेब उठले, परातीपाशी गेले आणि अर्धवट मळलेल्या कणकेकडे बघत म्हणाले, “ही मी मळून पाहू का?” मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. पुढं कळलं की तोच त्यांचा होकार होता.

रजेचा उरलेला काळ निराळाच गेला. सुशीलाताईंनी मुक्त विद्यालयात नाव घातलं. साहेब चहापासून सुरुवात करून वरणापर्यंत पोचले. गणित शिकवण्याची जबाबदारी आधी त्यांनी स्वतःकडे घेतली होती. पण चुकलेल्या उत्तरावर ते ‘पुनर्विचारार्थ परत’ असं लाल शाईनं लिहीत. ताईंनी वही उचलली आणि जिना चढून माझ्याकडे आल्या. “तूच शिकव. नवऱ्याकडून बीजगणित शिकणारी बाई एक तर नापास होते, नाही तर माहेरी जाते.”

तेव्हापासून आमचा संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. मी आजवर हजारो मुलांना शिकवलं असेल, पण समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळल्यावर एखाद्या चेहऱ्यावर असा उजेड पडलेला मी क्वचितच पाहिला. पन्नाशी उलटलेली ती बाई क्ष-ची किंमत सापडली की पदर तोंडावर धरून हसायची. ज्ञानाला वय नसतं असं आपण सुभाषितासारखं म्हणत असतो; मी ते माझ्या जेवणाच्या टेबलावर, पेन्सिलीच्या टोकाशी घडताना पाहिलं.

आणि साहेब? तालमीतून त्यांना आणखी एक गोष्ट उमगली होती. एवढ्या वर्षांत दिल्लीत त्यांच्या ओळखी शेकड्यांनी होत्या, पण मित्र एकही नव्हता. जे ओळखत होते ते खुर्चीला ओळखत होते. म्हणून त्यांनी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मैत्री करायला शिकायचं ठरवलं. रविवारी सकाळी नवराबायको दोघं बस बदलत बदलत यमुना ओलांडून नोएडाला जात. इतर सभासद तिथं फरशी, नळ, भिंतींचे कोन तपासायला येत. हे दोघं मात्र थर्मासमधला चहा आणि डब्यातला चिवडा घेऊन वाळूच्या ढिगाऱ्यापाशी बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावत. आसपास तेव्हा मोहरीची शेतं होती, लांबवर एखादी नीलगाय उभी दिसे, आणि त्या पिवळ्या शांततेत सळया उघड्या टाकून उभ्या असलेल्या इमारती.

पहिल्या रविवारी त्यांनी सवयीनं आपलं पद सांगितलं. समोरच्या गृहस्थाचा चेहरा लगेच बदलला. “अच्छा! साहब, मेरे भतीजे का एक काम था...” साहेबांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. पुढच्या रविवारपासून ते एवढंच सांगू लागले, “मैं भास्कर. ऊपर वाली मंज़िल पर रहूँगा.” क्या करते हैं, असं कुणी विचारलंच तर म्हणत, “अभी सीख रहा हूँ.” काय, ते सांगत नसत. त्यातूनच बलबीरसिंग नावाचे, खाली राहायला येणारे सरदारजी त्यांना भेटले. चिवड्यात शेंगदाणे कमी पडल्याची पहिली तक्रार त्यांनी केली, आणि ती तक्रार ऐकून साहेब परतताना बसमध्ये एकटेच हसत होते, असं ताईंनी मला सांगितलं. त्यांच्याजवळ कुणी तक्रार करायला धजावत नसे ना! मैत्रीची सुरुवात आदर संपतो तिथं होत असावी का?

निवृत्तीचा दिवस आला. हार, भाषणं, चांदीचा पेला, सगळं झालं. सुशीलाताई तोवर इतर विषयांत चांगल्या गुणांनी सुटल्या होत्या. गणितानं मात्र दगा दिला. भूमितीच्या एका प्रश्नात त्या अडकल्या, घाबरल्या आणि बाकीचा पेपर कोराच राहिला. निकाल कळल्यावर चार दिवस त्या वर आल्या नाहीत. मग आल्या, वही उघडली आणि म्हणाल्या, “चल, परत पहिल्यापासून.”

आणि नेमक्या त्याच दिवसांत गुडगावचा प्रस्ताव आला. एका नव्या परदेशी कंपनीचा मानेसरला कारखाना होत होता. सरकारी नियमांच्या अरण्यात वाट दाखवणारा अनुभवी माणूस त्यांना हवा होता. टाय लावलेला एक तरुण अधिकारी फळांची करंडी घेऊन घरी आला. सल्लागाराचं पद, स्वतंत्र खोली, न्यायला-आणायला गाडी. मोहल्ल्यात बातमी पसरली. आता साहेबांची तालीम कुठं जाते ते बघू, असं लोक म्हणू लागले. सुशीलाताई मला म्हणाल्या, “घेऊ दे त्यांना. माझं काय, पुढच्या वर्षी बसेन.” पण ‘पुढच्या वर्षी’ हे शब्द उच्चारताना त्यांचा आवाज किंचित चिरकला.

साहेब कोट घालून गुडगाव बघून आले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येत होते तेव्हा ते फाटकाशी भेटले. मी विचारलं, “कसं काय वाटलं?”

“काचेची इमारत आहे हो, बाई. आत शिरल्याबरोबर एक मुलगी उठून उभी राहिली, गुड मॉर्निंग सर म्हणाली. खोलीच्या दारावर माझ्या नावाची पाटी त्यांनी आधीच लावून ठेवलेली. फार आवडलं मला. फार म्हणजे फारच.” ते थांबले. “म्हणून तर भीती वाटली. माझी तहान अजून गेलेली नाही.”

तो तरुण पुन्हा आला तेव्हा मी ताईंना गणित शिकवायला खालीच गेले होते. साहेबांनी त्याला पाणी दिलं, शेजारी बसवलं आणि नम्रपणे सांगितलं, “माफ़ कीजिए, मेरी पोस्टिंग हो चुकी है.”

“किस कंपनी में, सर?” तो चपापून म्हणाला. आपल्याआधी कुणी बाजी मारली, असं त्याला वाटलं असावं.

“मिसेस मेश्राम के यहाँ. इनका गणित का पेपर है. घर मुझे देखना है.”

तो हसला, थट्टा आहे असं वाटून आमच्याकडे पाहू लागला. पण सुशीलाताई हसत नव्हत्या. वहीवर वाकलेल्या त्या तशाच राहिल्या, आणि वर्तुळाच्या मधोमध एक थेंब पडून शाई फुटली. मी पान उलटून कोरं पुढं केलं.

त्या गणितात पास झाल्या. काठावर नव्हे, चांगल्या पास झाल्या. निकाल मीच वाचून दाखवला. त्यांनी आधी मूर्तीपुढं मेणबत्ती लावली, मग पुण्याला मुलीला फोन लावला आणि तिच्याशी बोलताना बराच वेळ नुसतं “हो गं, हो” एवढंच म्हणत राहिल्या. साहेबांनी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या. त्या फाटल्या होत्या, पुरण बाहेर आलं होतं, आणि आम्ही त्या चमच्यानं खाल्ल्या. लवकरच क्वार्टर सोडून दोघं नोएडाला गेली. ट्रकमधून सामान उतरवायला खाली बलबीरसिंगांसह निम्मी सोसायटी उभी होती. लोक नव्या वस्तीत परके म्हणून जातात. ही दोघं आपल्या घरी परतावी तशी गेली.

मी सुटीत त्यांच्याकडे जायची. कधी ताई बारावीच्या, कधी बी.ए.च्या पुस्तकांत बुडालेल्या असत. कधी सोसायटीतल्या बायकांना शिकवायला गेलेल्या. साहेब आणि सरदारजी सायकली काढून आठवड्याच्या बाजारात जात, टोमॅटोवरून भांडत परतत आणि कॅरम खेळताना पुन्हा भांडत. मी एकदा खालून “मेश्रामसाहेब!” अशी हाक मारली, तर खेळणाऱ्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाला बोलावते आहे ही बाई? मग एक मुलगी म्हणाली, “अरे, भास्कर अंकल को ढूँढ रही हैं!”

अशी पुष्कळ वर्षं त्यांना लाभली. मग एका हिवाळ्यात थोड्याशा आजारानं ते गेले. मी पोचले तेव्हा इमारतीखाली खूप माणसं होती. बलबीरसिंग पायरीवर बसून लहान मुलासारखे रडत होते. सोसायटीचे सचिव खडू घेऊन सूचनाफलकापाशी उभे होते. नाव लिहून झालं होतं. पुढं अडले होते. ते सुशीलाताईंपाशी आले आणि संकोचून म्हणाले, “भाभीजी, इतने साल हो गए, कभी पूछा ही नहीं. भास्करजी करते क्या थे?”

मी पुढं होऊन सांगणार होते. मंत्रालय, पद, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण ताईंनी नजरेनं मला थांबवलं. त्यांचे डोळे सुजले होते, आवाज मात्र स्थिर होता.

“रिटायर थे,” त्या म्हणाल्या. “बहुत अच्छे रिटायर थे.”

सचिवांनी क्षणभर विचार केला, मान हलवली आणि फलकावर तसंच्या तसं लिहिलं. जमलेल्या माणसांनी ते वाचलं. त्यात काही उणं आहे, असं एकालाही वाटलं नाही.